क्रीम फाटतं ते आंबटपणामुळे

पास्त्यासाठीच्या टोमॅटो सॉसमध्ये क्रीम घातल्यावर सॉस फाटून दाणेदार झाल्याचं इथे कुणीतरी लिहिलंय, ते बहुतेक टोमॅटोच्या आंबटपणामुळे आणि मोठ्या आचेमुळे झालं असावं. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्केच असतो, त्यामुळे उकळत्या आंबट रसात ते टिकत नाही. आमच्या सोलापुरात मंडईत गावरान टोमॅटो मिळतात, चवीला फार छान पण चांगलेच आंबट. सॉससाठी मी लांबट, गरदार टोमॅटोच घेते. लसूण तेलात मंद परतायचा, टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत आटवायचे. मग गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. क्रीम फ्रिजमधून थेट ओतू नका. वाटीत काढून त्यात दोन चमचे गरम सॉस मिसळा आणि मग ते कढईत घाला.

पास्ता उकळताना १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि साधारण दोन लहान चमचे मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा, उरलेला तो सॉसमध्ये शिजतो. ते पाणी मात्र फेकू नका हो! त्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, अर्धी वाटी घातलं की सॉस पास्त्याला छान धरून बसतो आणि क्रीमही कमी लागतं.

आमच्याकडे वरून चिमूटभर शेंगाचटणी भुरभुरतात. इटलीत असं कुणी करत नसेल, पण मला मनापासून आवडतं. उरलेला सॉस कडक भाकरीबरोबर खाऊन बघाच.