फुप्फुसाच्या रुग्णांच्या स्थानिक गटात दर महिन्याला नेमके काय करावे?

प्रश्न, दापोली तालुक्यातून

सप्रेम नमस्कार.

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गेली सहा वर्षे त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्यामुळे आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. आमची वाडी रस्त्याच्या खाली आहे आणि रस्त्यावर यायचे तर जांभ्याची पाखाडी चढावी लागते. एके काळी वडील नारळांची गोणी डोक्यावर घेऊन ती चढत असत. आता निम्म्यावर एक सपाट दगड आहे, तिथे ते बसतात आणि धाप लागली आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षात येऊ नये म्हणून पायातली चप्पल काढून उगाच झटकत राहतात.

जानेवारीत आम्ही काही कुटुंबांनी मिळून अशा रुग्णांचा एक गट सुरू केला. पहिल्या बैठकीला १९ माणसे आली, दुसरीला १३ आणि तिसरीला अवघी ६. तिन्ही वेळा व्याख्यान ठेवले होते: एकदा डॉक्टरांचे, एकदा आहारावर, एकदा योगासनांवर. व्याख्याने चांगली झाली, तरीही माणसे गळत गेली आणि त्याचे कारण मला उमगत नाही. जिथे असे गट टिकून आहेत, तिथे बैठकीत प्रत्यक्ष काय करतात? धाप लागणाऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेणे सुरक्षित आहे का? पावसाळ्यात गट कसा चालू ठेवावा?

आणखी एक अवघड गोष्ट विचारते. गटातील एक काका क्षयरोगाचे उपचार पूर्ण करून बरे झाले आहेत, पण त्यांच्या फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला आहे. ते आले की दोन-तीन जण खुर्ची लांब ओढून बसतात. त्यांना न दुखावता आणि इतरांचे भय न वाढवता हे कसे हाताळावे?

उत्तर १, चिपळूणहून

ताई, आमच्या गटाला चार वर्षे होत आली आणि आमचीही सुरुवात अगदी तुमच्यासारखीच झाली होती. व्याख्यान ऐकायला माणूस एकदा येतो. पुन्हा येण्यासाठी त्याला स्वतःच्या श्वासात काहीतरी फरक जाणवावा लागतो. म्हणून आम्ही व्याख्याने वर्षातून दोनवर आणली आणि बैठकीची सुरुवात श्वासातून औषध घ्यायच्या पंपाने करू लागलो. प्रत्येकाने आपला पंप किंवा कॅप्सूलचे यंत्र घरून आणायचे आणि रोज जसे घेतो तसे सर्वांसमोर घेऊन दाखवायचे, एवढाच नियम ठेवला.

त्या पहिल्या दिवशी जे दिसले ते मी विसरू शकत नाही. एक आजोबा यंत्रात कॅप्सूल घालत होते, पण ते फिरवून कॅप्सूल उघडतच नव्हते. ओढून झाल्यावर त्यांनी ती बाहेर काढून तळहातावर ठेवली, तेव्हा आतली पूड जशीच्या तशी होती. आठ महिने त्यांना औषध मिळत असल्याचे घरच्यांना वाटत होते. दुसऱ्या एक काकू त्याच कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या, कारण दुकानातून इतर गोळ्यांसोबत त्या एकाच पुडीत मिळाल्या होत्या आणि कोणी काही सांगितले नव्हते. ही माणसे निष्काळजी नव्हती. त्यांना कोणी शेजारी बसून दाखवलेच नव्हते.

दोन प्रकारांतला फरक सर्वांना पाठ झाला पाहिजे. दाबून फवारा येणारा पंप आधी नीट हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढायला लागतानाच दाबायचा आणि साधारण दहा सेकंद श्वास रोखायचा. दाबणे आणि ओढणे एकाच वेळी जमत नसेल त्यांनी डॉक्टरांना विचारून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्यावा. कोरड्या पुडीचे यंत्र मात्र जोरात आणि खोल ओढायचे असते. स्टेरॉइड असलेले औषध घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते: पावसाळी दमट हवेत कॅप्सूल ओलसर होतात आणि पूड आतच चिकटते, म्हणून त्या घ्यायच्या वेळेलाच पाकिटातून काढाव्यात आणि मोरीजवळ किंवा चुलीजवळच्या फळीवर कधी ठेवू नयेत.

जागा आणि वेळ यांवरही बरेच अवलंबून असते. आमची पहिली जागा पहिल्या मजल्यावर होती आणि माणसे का येत नाहीत हे कळायला आम्हाला तीन महिने लागले! आता आम्ही एसटी थांब्याला लागून असलेल्या शाळेच्या पडवीत, सकाळी अकरा ते साडेबारा जमतो. सकाळची पहिली वेळ टाळतो, कारण उठल्यानंतर कफ सुटून छाती मोकळी व्हायला अनेकांना दोन तास लागतात.

पावसाळ्याची तयारी आम्ही आगोटीच्या सामानाबरोबरच करतो. मीठ-मिरची भरायच्या दिवसांत दोन महिन्यांची औषधे भरून ठेवायची आणि इन्फ्लुएन्झाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने पाऊस सुरू होण्यापूर्वी घ्यायची. ती दरवर्षी घ्यावी लागते, न्यूमोनियाची लस वेगळी असते. जुलै-ऑगस्टमध्ये बैठक होत नाही. त्याऐवजी दर बुधवारी जोडीने फोन करतो आणि तीनच प्रश्न विचारतो: धाप नेहमीपेक्षा वाढली का, कफ वाढला का, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला का. यांपैकी काही बदलले असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे. मागच्या वर्षी याच फोनमुळे दोघे जण वेळेवर पोचले.

त्याआधीचा त्रास असतो तो भाजवळीचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचा. कवळ, पातेरा आणि शेण पसरून राब भाजला की धूर सबंध वाडीत दिवसभर साचून राहतो. शेती बंद करा असे कोणाला सांगता येत नाही, सांगूही नये. आम्ही एवढेच केले की राब पेटवण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याने निरोप द्यावा. निरोप आला की आमचा रुग्ण दिवसभरासाठी दुसऱ्या वाडीत नातेवाइकांकडे जाऊन बसतो. आजवर कोणीही निरोप द्यायला नकार दिलेला नाही.

उत्तर २, रत्नागिरीहून

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे व्यायामाविषयीच्या आणि काकांविषयीच्या प्रश्नांपुरते लिहिते.

व्यायाम सुरक्षित आहे, आणि या आजारात औषधाइतकाच तो उपचाराचा भाग आहे. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात आणि झिजलेले स्नायू त्याच कामाला जास्त प्राणवायू मागतात, म्हणून पुढच्या वेळी धाप आणखी लवकर लागते. हे चक्र पायांच्या व्यायामाने तोडता येते. फुप्फुस पुनर्वसनाचा कार्यक्रम साधारण सहा ते बारा आठवड्यांचा असतो आणि आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली व्यायाम करावा लागतो. महिन्यातून एकदा भरणारा गट त्याची जागा घेऊ शकत नाही, परंतु शिकलेले टिकवून धरण्याचे काम गटच सर्वांत चांगले करतो. सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांची संमती आणावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी किंवा बसल्या जागी छातीत दुखणाऱ्यांनी ती मिळेपर्यंत थांबावे.

मोजमापासाठी सहा मिनिटांची चाल घ्यावी. शाळेच्या पडवीत किंवा सपाट मैदानात ३० मीटरची रेघ आखावी आणि सहा मिनिटांत किती अंतर झाले ते वहीत लिहावे. मध्ये थांबायला मुभा असते. तीन महिन्यांनी हे अंतर साधारण ३० मीटरने वाढले असेल तर तो खरा फरक समजला जातो. रक्तातील प्राणवायूची पातळी दाखवणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नजर ठेवावी, पण बोट गार असेल किंवा नखाला रंग अथवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर ताबडतोब थांबवावे.

तुमच्या वडिलांच्या पाखाडीसाठी एक गोष्ट आजच करून बघता येईल. उभे राहून नाकाने श्वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून तो हळूहळू सोडत दोन पायऱ्या चढायच्या. पुन्हा थांबून श्वास घ्यायचा, सोडत सोडत दोन चढायच्या. चंबूमुळे आतल्या बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. श्वास रोखून भराभर चढून जायचे आणि वर पोचल्यावर धापा टाकायच्या, ही सवय मोडायला वेळ लागतो. दगडावर बसल्यावर पुढे वाकून कोपरे मांड्यांवर टेकवली की आराम लवकर पडतो. फुगे फुगवण्याच्या स्पर्धा आणि जोरकस कपालभाती मात्र या रुग्णांकडून करवून घेऊ नयेत, कारण त्यांच्या छातीत हवा आधीच अडकलेली असते.

काकांविषयी स्पष्ट सांगते. उपचार पूर्ण होऊन डॉक्टरांनी बरे झाल्याचे सांगितले असेल, तर त्यांच्यापासून कोणालाही संसर्ग होत नाही. हे गटात त्यांच्यासमोर नव्हे, तर त्यांची परवानगी घेऊन डॉक्टरांकडून सर्वांना एकदा सांगवावे, आणि पुढच्या बैठकीत तुमच्या वडिलांनी त्यांच्या शेजारची खुर्ची घ्यावी. नियम एकच ठेवावा आणि तो सर्वांना सारखा असावा: नवा ताप-खोकला असेल त्याने त्या दिवशी येऊ नये, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला तर सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा. ती तपासणी मोफत असते.

उत्तर ३, राजापूर तालुक्यातून

तुमच्या १९ जणांत बायका किती होत्या, हे कृपया पाहावे. आमच्याकडे सुरुवातीला एकच होती आणि तीही यजमानांना घेऊन आलेली. मी कधी विडी ओढली नाही, पण पस्तीस वर्षे चुलीपुढे बसले आणि काही वर्षे काजू भाजण्याच्या शेडवर काम केले. त्या टरफलाचा धूर डोळ्यांत आणि घशात जातो तो जातोच. मला सीओपीडी असू शकेल हे माझ्या मनात आले नव्हते. बाईमाणसाला दम लागला की ते वयाचे, नाहीतर वजनाचे मानले जाते. गॅस घरात आला तरी अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते, हे बैठकीत बोलले गेले पाहिजे. निदान ती चूल मागच्या पडवीत न्या, असे आम्ही एकमेकींना सांगतो.

आम्ही भजन म्हणतो. लांब ओळ एका श्वासात म्हणायची, जमले नाही तर शेजारची उचलते. श्वास सोडण्याचा सराव होतो आणि बायका स्वतःहून येतात. फक्त देवळात बसत असाल तर तेवढा वेळ धूप-उदबत्ती लावू नका, असे पुजाऱ्यांना विनवावे.

प्रश्नकर्तीचे पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. मी वही काढून पाहिली. १९ पैकी बायका चार होत्या आणि त्या चौघीही रुग्ण म्हणून नव्हे, तर सोबत म्हणून आल्या होत्या. काल वडील चंबू करून पाखाडी चढले. दगडावर बसले, पण चप्पल झटकली नाही. पुढच्या बैठकीला सर्वांनी पंप घेऊन यावे असा निरोप दिला आहे. एकच विचारायचे राहिले: गटातील दोघांकडे घरी ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र आहे. वीज गेली तर काय करावे?

उत्तर १, चिपळूणहून

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा तुमच्या दापोली-मंडणगडात कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, त्यामुळे हा विचार आधीच केलेला बरा. अशा यंत्राला बहुधा तीनशे-चारशे वॅट लागतात आणि घरगुती इन्व्हर्टर त्यावर फार वेळ तग धरत नाही. म्हणून भरलेला सिलिंडर घरात असावा. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटर दराने साधारण बारा तास पुरतो. किती लिटरवर ठेवायचे ते डॉक्टरच ठरवतील, आणि ऑक्सिमीटरवर आकडा कमी दिसला म्हणून घरच्यांनी प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये, कारण सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना ८८ ते ९२ टक्के हीच पातळी योग्य असते आणि जादा प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. त्या खोलीत समई, उदबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवू नये. वीज गेल्यावर हात आधी काडेपेटीकडे जातो, म्हणून उशाशी बॅटरी ठेवावी. सिलिंडर उभा ठेवून भिंतीला साखळीने बांधावा आणि त्याची चावी त्यालाच दोरीने बांधून ठेवावी. आमच्या घरी ती वेळ आली त्या रात्री सर्वांत जास्त वेळ चावी शोधण्यात गेला होता.