काळ्या टाकीत झेनोपस बेडूक काळा पडतो तेव्हा जीन चालू होतो की फक्त हार्मोन सुटतं?

सुप्रिया_झू: एमएससी झूलॉजीला आहे, परवा सेमिनार आणि एका जागी अडकलेय. झेनोपस लीविस काळ्या टाकीत ठेवला की काळा होतो, पांढऱ्या टाकीत फिकट, कारण मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मधल्या लोबमधून अल्फा एमएसएच (कातडी गडद करणारं हार्मोन) कमीजास्त सुटतं, इथवर कळलं. पण ते येतं पीओएमसी जीनपासून आणि पुढच्या लोबमध्ये त्याच जीनपासून एसीटीएच हे वेगळं हार्मोन बनतं, मग एका जीनपासून दोन हार्मोन्स कशी? आणि टायटलमधला प्रश्न आहेच.

पेशीवाला: पहिल्याचं उत्तर कापाकापीत आहे. पीओएमसी ही लांब प्रोटीन साखळी, पुढच्या लोबमध्ये मुख्यतः पीसी१ एन्झाइम ती कापतं नि काम एसीटीएचवर थांबतं. मधल्या लोबच्या मेलानोट्रोप पेशींत (अल्फा एमएसएच बनवणाऱ्या) पीसी२ असतं, ते एसीटीएचचे अजून तुकडे करतं, त्यातून अल्फा एमएसएच.

मंदार_नायमेखन: सुप्रिया, दोन्ही होतं, पण एकाच वेळी नाही. पांढऱ्या टाकीत मेंदूतल्या सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस या केंद्राचे न्यूरॉन थेट मेलानोट्रोपपर्यंत येऊन डोपामिन, गाबा, एनपीवाय ही थांबवणारी रसायनं सोडतात, म्हणजे ब्रेक दाबूनच ठेवलेला, हार्मोन पेशीतल्या ग्रॅन्यूलमध्ये (साठवणीच्या पिशव्यांत) पडून राहतं. काळ्यात ब्रेक सुटतो, मेंदूतली टीआरएच वगैरे हार्मोन्स वरून ढकलतात, साठलेलं बाहेर पडतं आणि काही तासांत कातडी गडद व्हायला लागते. जीनचं काम मागून, दिवसांच्या हिशोबात वाढतं, शेवटी पांढऱ्या टाकीतल्या बेडकाच्या जवळजवळ ३० पट पीओएमसी एमआरएनए (जीनची कामाची नक्कल)! पेशी फुगते, पीसी२ पण वाढतं. त्यामुळे स्लाइडवर 'ऑन-ऑफ' लिहू नकोस प्लीज, पांढऱ्यातही जीन थोडा चालूच असतो.
इथे नेदरलँड्समध्ये नायमेखनला यावर वर्षानुवर्षं काम झालंय. पीओएमसीच्याच प्रमोटरला (जीनचा चालू करणारा भाग) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन जोडून बनवलेल्या टॅडपोलमध्ये जिवंतपणीच पिट्युटरी हिरवी चमकते, तो फोटो सेमिनारमध्ये नक्की टाक. टाकीचा रंग बदलला की जीन वरखाली, इतकी सोपी सिस्टीम मला तरी दुसरी माहीत नाही.

सुप्रिया_झू: खूप थँक्स दादा! पण ब्रेक मेंदूचाच हे कशावरून? पेशी स्वतःच दबलेली असेल तर?

मंदार_नायमेखन: चांगला प्रश्न. मेलानोट्रोप पेशी सुट्या करून डिशमध्ये ठेवल्या की त्यांच्यात आपोआप कॅल्शियमच्या लाटा उठत राहतात, हार्मोनही सुटत राहतं, कोणी काही सांगायला नसताना. वरून डोपामिन टाकलं की लाटा थांबतात.

पेशीवाला: आणि पीसीआरसाठी प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) बनवणार असशील तर लक्षात ठेव, लीविस टेट्राप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच, पीओएमसीच्या दोन कॉप्या आहेत.