'एरोसोल'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: आठवीच्या मुलांसाठी एका विज्ञानपुस्तिकेचं भाषांतर करते आहे आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडले आहे. आशय असा : हवेतल्या एरोसोलमुळे ऊन जमिनीपर्यंत कमी पोचतं, म्हणून जमीन थोडी गार राहते, पण त्यातली काजळी ऊन स्वतः शोषते आणि जमिनीवरची दोन-तीन किलोमीटरची हवा तापते. मी 'निलंबित कण' लिहिलं. भाच्याने वाचून विचारलं, "मावशी, कणांना निलंबित का केलं? काय केलं त्यांनी?" त्याला खरंच कळलं नव्हतं. मग 'धूलिकण' केलं, तर संपादकांचा शेरा आला : धूळ ऊन अडवते, मग हवा तापेल कशी? दोन्ही कामं पेलणारा शब्द आहे का?

जुनी_वही: वायुकलिल. दूध हे कलिल, तसे हवेत विखुरलेले घन किंवा द्रव कण म्हणजे वायुकलिल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'मोहकलिल' आहे, म्हणजे शब्द उपराही नाही. घडवलेला शब्द हाताशी असताना वापरायचा नाही, आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणायचं, याचा मला मनापासून त्रास होतो.

लोकल_डबा: आठवीतल्या मुलाला आधी कलिल शिकवायचं, मग वायुकलिल? सरळ एरोसोल लिहा. ऑक्सिजन रुळला तसा हाही रुळेल.

पाटीपेन्सिल: एरोसोल म्हटलं की मुलांना डासांच्या फवाऱ्याचा डबा आठवतो. करून पाहिलं.

कवडसा: त्रसरेणू! जाळीतून आलेल्या उन्हात जे सूक्ष्म रज दिसतं त्याला मनुस्मृतीत हे नाव आहे. आजीच्या स्वयंपाकघरात कौलांमध्ये एक काच होती. सकाळी चूल पेटली की तिच्यातून उतरणारा कवडसा निळसर दिसायचा आणि केर काढला की तोच पांढुरका. दोन वेगळे कण, दोन वेगळे रंग. तेव्हा कळत नव्हतं, पण बघत बसायचे.

जुनी_वही: सुरेख आठवण. पण त्रसरेणू हे मोजमापाचं नाव आहे. शिवाय एरोसोलमधला अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढा. कवडशात एकेकटा नाचताना दिसतो तो याहून बराच मोठा.

मोसमी: कवडसाताईंच्या दोन रंगांतच उत्तर आहे. एका शब्दाचा हट्ट कशाला? सल्फेटचे (गंधकाच्या संयुगांचे) कण ऊन परतवतात, काजळी ऊन गिळते. 1999 साली हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागरावर मोजमापं केली, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडून समुद्रावर जाणारा अशा कणांचा तपकिरी थर सुमारे 3 किलोमीटर जाड भरला. पुढे 2006 मध्ये मालदीवजवळ तीन चालकरहित विमानं एकावर एक उडवली : एक थराखाली, एक थरात, एक वर. वरच्याने आणि खालच्याने मोजलेल्या उन्हातला फरक म्हणजे मध्ये अडलेलं ऊन. कणांमुळे खालच्या हवेला उन्हाने मिळणारी ऊब जवळपास 50 टक्क्यांनी वाढलेली निघाली. थरातली हवा तापलेली आणि तिच्याखालची जमीन गार, म्हणजे हवा वर उठत नाही. आणि हवा उठली नाही की धूर तिथेच साचतो. संपादकांना हे सांगा.

आणि कृपा करून 'तपांबर' (वातावरणाचा सर्वांत खालचा थर) लिहू नका. ते आपल्याकडे 16-17 किलोमीटरपर्यंत जातं. इथे फक्त तळाची हवा.

लोकल_डबा: पण 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा तर सगळ्या पृथ्वीचं तापमान अर्ध्या अंशाने उतरलं होतं ना?

मोसमी: ते कण स्थितांबरात, म्हणजे तपांबराच्या वरच्या थरात होते, मुख्यतः सल्फेटचे. इथला विषय नाही.

वऱ्हाडी_तूर: आमच्याकडे धुक्याला धुवारी म्हणतात. धुवारी आली की तुरीचा फुलोरा गळते. काका म्हणायचे, फुलं 'धुऊन' नेते म्हणून धुवारी.

मांडवी: गोव्यात धुंवर म्हणजे धूर! तुमच्या धुवारीचं नातं धुण्याशी नसून धुराशी असणार. धूर, धुकं, धुंवर या सगळ्यांत 'धूम' आहे असं मला वाटतं.

वऱ्हाडी_तूर: पटत नाही. धुवारीला धुराचा वास कुठे असते? फुलं मात्र सकाळी खरंच धुतल्यासारखी खाली पडलेली असतात.

मांडवी: वासावरून व्युत्पत्ती ठरत नाही हो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

द्राक्षबाग: निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की पहाटे बागेत शेकोट्या करतो. आम्ही त्याला 'धूर करणं' म्हणतो, 'जाळ करणं' नाही. धुराचं पांघरूण बसतं आणि मणी तडकत नाहीत. म्हणजे धूर ऊब धरतो. पाटीपेन्सिलताई, 'पांघरूण' चालेल का?

मोसमी: नका लिहू. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता बहुतेक आरपार जाते. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा, आणि त्याने हवा ढवळते त्याचा. दिवसा तर हाच धूर ऊन अडवतो.

द्राक्षबाग: वडील मुद्दाम ओला पाला टाकायचे, धूर दाट व्हावा म्हणून. मीही तेच करत आलो. मग कोरडी लाकडं बरी म्हणता?

मोसमी: हो, कोरडीच. आणि एका मोठ्या ढिगापेक्षा लहान लहान शेकोट्या जास्त.

पाटीपेन्सिल: उद्या पुस्तिका द्यायची आहे. तूर्तास 'हवेतले बारीक कण' लिहिलंय आणि पुढे सल्फेट, काजळी वेगळी केली आहे.

जुनी_वही: निदान कंसात तरी वायुकलिल द्या.

वऱ्हाडी_तूर: खानदेशातलं कोणी आहे का? तिकडे 'धुई' म्हणतात असं ऐकलं. ती धुण्यातली की धुरातली?