परवाना नंतर बदलू म्हणणाऱ्यांसाठी

तुमच्या बंद उत्पादनातला पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना उलगडणारा कोड) सगळ्यांना वापरायला-बदलायला खुला करावा का, या चर्चेत 'पार्सर आत्ता खुला करू, नाही जमलं तर परवाना नंतर बदलू' असं मत आलंय; ते मला अर्धंच पटतं. पार्सर वेगळा काढून खुला करावा, यात वाद नाही. पण नवा परवाना फक्त पुढच्या आवृत्त्यांना लागतो. एकदा अपाचे २.० या (बंद उत्पादनातही कोड वापरू देणाऱ्या) परवान्याखाली दिलेला कोड त्याच अटींवर लोकांकडे राहतो. इलॅस्टिक कंपनीने २०२१ मध्ये आपल्या इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरसाठी अपाचे परवाना सोडला, तेव्हा ॲमेझॉनने त्याची आधीची ७.१०.२ ही आवृत्ती घेऊन ओपनसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर उभं केलं.

शिवाय बाहेरून आलेल्या पॅचचा (कोडमधल्या दुरुस्तीचा) कॉपीराइट ज्याचा त्याचा असतो, हे इथे कुणी काढलंच नाही. पार्सर जीपीएल या (त्यावर बेतलेला कोड वाटताना तोही खुलाच ठेवायला लावणाऱ्या) परवान्याखाली दिलात, त्यात दहा जणांचे पॅच आले आणि तोच तुम्हाला तुमच्या बंद उत्पादनात वापरायचा असेल, तर त्या दहाही जणांची परवानगी लागेल. गिट लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या नोंदींतून) नावं काढायची, बंद पडलेल्या ईमेलवर पत्रं पाठवायची, उत्तर आलं नाही तर तेवढा कोड नव्याने लिहायचा. फार चिकट काम आहे हे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २००१ मध्ये हाती घेतलेला परवानाबदल २००६ मध्ये संपला. तेव्हा योगदान-करार (पॅच देणाऱ्याशी त्याच्या कोडच्या हक्कांबद्दल केलेला करार) हवा की नको, हे पहिली पुल रिक्वेस्ट (बाहेरून पाठवलेला बदल) घेण्याआधी ठरवा.