फोटोवर 'कडक', 'जबरी' सोडून खरं मत कसं मिळवायचं? (आणि द्यायचं कसं?)

तिपाई:
मंडळी, सल्ला हवाय. फोटो टाकला की एकतर 'कडक', 'जबरी' आणि अंगठे, नाहीतर कोणीतरी येतं आणि 'कॉम्पोझिशन वीक' एवढंच टाकून गायब. परवा आजोबांचा खिडकीशी बसलेला फोटो टाकला, एका बाजूने उजेड, अर्धा चेहरा सावलीत. एक म्हणतो शॅडोज उचल (सावल्या उजळ कर), दुसरा म्हणतो अजून डार्क कर मूड येईल, तिसऱ्याने न विचारता स्वतःच एडिट करून टाकला आणि आजोबा नारिंगी!! कोणाचं ऐकू? आणि मला कोणी विचारलं तर मलापण 'छान'च्या पुढे काही सुचत नाही, वाईट वाटेल म्हणून गप्प बसते.

नुसताच_बघ्या:
फोटोखाली काय लिहिलं होतंस? 'कसा वाटला' विचारलं की 'छान' येणारच, लोक तरी काय करणार. 'चेहऱ्याकडे लक्ष जातंय का, की आधी दुसरीकडे जातं' असं नेमकं विचार. आणि एक्झिफ (फोटोसोबत सेव्ह होणारी कॅमेऱ्याच्या सेटिंगची माहिती) काढून टाकू नकोस, शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ दिसलं तर लोक अंदाजपंचे बोलत नाहीत.

खिडकीतला_कावळा:
बघ्याशी अर्धाच सहमत. आधीच 'मला एकटेपणा दाखवायचा होता' म्हणून सांगितलंस तर सगळ्यांना एकटेपणाच दिसेल. आधी लोकांना नुसतं बघू दे, काय दिसलं ते सांगू दे, मग तू तुझा हेतू सांग. तंत्राचं काही अडलं असेल तर मात्र सुरुवातीलाच विचार, तिथे सस्पेन्स कशाला.

ओव्हरएक्सपोज्ड:
डार्क कर / उजळ कर हे भांडण निम्म्या वेळा स्क्रीनचं असतं. कोणी फुल ब्राइटनेसवर बघतंय, कोणी नाइट मोडवर, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघ, तो स्क्रीन बदलली म्हणून बदलत नाही. माझा अंदाज, दोघांनाही खटकलं एकच, चेहऱ्यावर नजर टिकत नाहीये. खिडकी पार २५५ ला (म्हणजे सगळ्यात उजळ टोकाला) जाऊन पांढरीफट्ट झाली असेल तर डोळा आधी तिकडेच पळतो. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर हायलाइट्स (उजळ भाग) खाली घेऊन बघ, नाहीतर खिडकी क्रॉप कर (कापून टाक), शॅडोजना हात लावायची वेळच येणार नाही कदाचित. आणि एक्सपोर्ट एसआरजीबीमध्येच (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) कर, अ‍ॅडोबी आरजीबीतला फोटो काही ठिकाणी फिका दिसतो आणि मग लोक तुझ्या रंगांना नावं ठेवतात.

मत देताना 'ब्लर आहे' म्हणून सोडू नका राव, कुठला ब्लर ते सांगा. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी असेल तर हात हलला. डोळे मऊ आणि कान शार्प असेल तर फोकस चुकला. मागचं सगळं शार्प आणि फक्त माणूस फिसकटलेला असेल तर तो हलला, शटर स्पीड वाढवा. तिन्हीचे उपाय वेगळे. हात हलत असेल तर २०० एमएम लेन्सला शटर साधारण १/२०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, १.५ क्रॉपचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर १/३०० धरा (स्टॅबिलायझेशन असेल तर सूट, पण ती हातापुरतीच, समोरचं पोर पळत असेल तर त्याचा काही उपयोग नाही).

खिडकीतला_कावळा:
आणि कृपा करून 'रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन-तीन भाग करून विषय मध्याऐवजी त्या रेषांवर ठेवायचा) पाळला नाही' एवढंच लिहू नका!! विषय मध्यभागी ठेवून काय बिघडलं ते सांगा, काही बिघडलं नसेल तर गप्प बसा. 'क्रॉप करू नये' म्हणणाऱ्यांनाही तेच. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप न करण्यासाठी प्रसिद्ध, पण पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनमागे पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा फोटो क्रॉप केलेलाच आहे, कुंपणाच्या फटीतून घेतलेला, एका बाजूला कुंपणच आलं होतं.

तिपाई:
ओव्हर, खिडकी खरंच जळलीये, रॉ आहे, बघते. पण मत द्यायचं कसं ते राहिलंच की. 'छान'च्या पुढे काय लिहू?

नुसताच_बघ्या:
नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कुठे अडकली, तेवढं लिही. 'माझी नजर मागच्या लाल बादलीवर जाते' यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही आणि समोरच्याला बादली हलवायची की नाही ते ठरवता येतं. 'मी असं केलं असतं' हे सगळ्यात शेवटी. एडिट करून दाखवायचं असेल तर आधी विचार. आणि माणूस अगदीच नवखा असेल तर एकच गोष्ट सांग, सतरा चुका एकदम मोजल्या तर तो कॅमेरा कपाटात टाकेल.

ओव्हरएक्सपोज्ड:
+१. फोटो परत टाकशील तेव्हा जुना पण शेजारी टाक, आणि भलामोठा वॉटरमार्क नको, तो अर्ध्या चेहऱ्यावर येतो मग काय बघायचं.