तेरला पर्यटक आणायचे, पण कशासाठी?

तेरणाकाठ
पर्यटन विकास म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं आहे: वेशीवर कमान, रस्त्याला पेव्हर ब्लॉक आणि सेल्फीसाठी गावाच्या नावाची लाल अक्षरं. तेरचं तरी असं होऊ नये.

धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचं हे शेतकऱ्यांचं गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि इथलं साधं कापड नि मलमल गाड्यांत लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाते. त्रिविक्रमाचं देऊळ बघा. विटांचं, मागची बाजू अर्धगोल. बांधणी बौद्ध चैत्याची, म्हणजे प्रार्थनागृहाची, आणि आत तीन पावलांत जग मोजणारा विष्णू! गावातल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे, तिच्यासारखी दुसरी थेट पॉम्पेईत सापडली. एवढं असताना नवीन 'आकर्षण' कशाला बांधायचं? सकाळी संग्रहालय, मग देऊळ, गोरोबाकाकांची (संत गोरा कुंभारांची) समाधी, दुपारी एखाद्या शेतात भाकरी-पिठलं आणि थंडीत हुरडा. लागतो तो नीट सांगणारा माणूस. पैसा त्याच्यावर खर्च करा.

शाळूवाला
हुरडा म्हणणं सोपं आहे मालक. आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून, शेंगाच्या चटणीसंगं खाल्ली की शहरातला माणूस खूश. पण त्याला गुळभेंडी लागते, हुरड्याच्या ज्वारीची जात. सोयाबीन निघालं की लोक हरभरा टाकतात, शाळू पेरतंय कोण? पेरला तरी पाखरं राखायला माणूस मिळत नाही. दाणा चिकात असतो ते दोन-तीन आठवडे, पुढं तो कडक झाला की तुमचं पर्यटन संपलं. वर्षातले बाकीचे महिने आम्ही काय दाखवायचं? करपलेलं सोयाबीन?

आणि गोरोबाकाकांकडं माणसं पहिल्यापासून येतात. चैत्र वद्य त्रयोदशीला येऊन बघा. त्यांना कुणी पर्यटक म्हणत नाही, आणि त्यांना गाइड लागत नाही.

बार्शीवाला
कमानीला फार हसू नका. मोठ्या रस्त्यावर धड पाटी नसेल तर तुळजापूरला जाणारा माणूस तेरला वळेल कशाला? आणि बायामाणसांना घेऊन कुठंही गेलो की पहिला प्रश्न संडास कुठंय हाच असतो, चैत्य कुठल्या शतकातला हा नव्हे. नळदुर्गचा किल्ला देखभालीला खासगी कंपनीकडे दिला तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आज तिथं तिकीट काढून माणसं जातात. तुमच्या इतिहासाला आधी पार्किंग द्या.

पांढरीची पोर
पुरातत्त्व शिकतेय, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलते. जुनं तगर ज्यांच्या पोटात आहे त्या तेरच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की माती धुपते आणि मणी वर येतात. नखाएवढे, काही तर त्याहून लहान. सोबत खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. रामलिंगप्पा लामतुरेंनी गावातून असंच एकेक जमवलं म्हणून ते संग्रहालय उभं राहिलं. पण गर्दी आली की त्याच मण्याला भाव येतो. टेकाडाला कुंपण नाही, राखण नाही, अशा जागी बसच्या बस आणून सोडणं म्हणजे लुटीला आमंत्रण. मणी कुठल्या थरातून आला हे एकदा गेलं की तो मणी नुसता दागिना उरतो. आधी उत्खनन, नोंद, राखण. पर्यटक दहा वर्षांनी आले तरी चालेल.

तेरणाकाठ
@पांढरीची पोर, दहा वर्षं थांबून टेकाड वाचेल हे कशावरून? पर्यटक नव्हते तेव्हाच पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती गाड्या भरभरून शेतात गेली, जुन्या विटा घरांच्या भिंतींत गेल्या. गावाला टेकाडातून काही मिळत नव्हतं म्हणूनच गेल्या ना? चार घरांची चूल त्यावर चालली तर तीच घरं राखण करतील. वाटल्यास टेकाडावर कुणाला सोडूच नका, संग्रहालय आणि देऊळ एवढंच दाखवा.

@बार्शीवाला, संडास आणि पाटी मान्य. कमान नाही म्हणजे नाही.

पांढरीची पोर
"चार घरांची चूल" कुठल्या चार घरांची? रस्त्याकडेला ज्याची जागा आहे त्याचं हॉटेल होणार. टेकाडालगत ज्याचं रान आहे त्याला मात्र विहिरीसाठी खड्डा घ्यायचा तरी परवानगीची धास्ती. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी, हा नियम गावोगाव लोकांना पाठ झालाय. त्यांना राखणदार व्हा म्हणून सांगायला तुम्ही जाणार का?

शाळूवाला
ही पोरगी बरोबर बोलली.

तेरणाकाठ
म्हणूनच रस्त्याकडेच्या हॉटेलाऐवजी शेतातलं जेवण म्हणतोय. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालीच आलंय. एक एकर रान असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन केंद्र काढता येतं. शाळूवाले, तुम्हीच सुरुवात करा.

शाळूवाला
माझ्या वाटणीला पाऊण एकर आलंय.

तेरणाकाठ
भावाचं शेजारीच असेल ना? दोघं मिळून करा.

शाळूवाला
बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे. तुमच्या धोरणात त्याचं काही असलं तर कळवा.