मुलासाठी लांब, जुन्या वळणाचं नाव: बारशाआधी काय तपासावं?

आत्या_शिवाजीपेठ

मंडळी, भाच्याचं बारसं बाराव्या दिवशी आहे आणि नाव ठेवायचा मान माझ्याकडं. घरात कुणालाच दोन अक्षरी नाव नकोय. चार-पाच अक्षरी, जुन्या वळणाचं, तोंड भरून घेता येईल असं हवं. यादीत चार उरलीत: हर्षवर्धन, पृथ्वीराज, पुरुषोत्तम, धैर्यशील. बाळाच्या पणजोबांचं नाव यशवंतराव, तेच पुढं चालवा असं थोरल्या काकांचं म्हणणं.

अडचणी अशा. नक्षत्र हस्त, तिसरा चरण, आणि भटजींनी अक्षर दिलंय 'ण'. त्यावरून नाव आणायचं कुठून? भावाच्या नावाला 'सिंह' आहे (विक्रमसिंह धरून चाला), तर मुलाच्याही लावावं का? आणि दवाखान्यातनं जन्मनोंदीचा फॉर्म आलाय, त्यात नाव आत्ताच भरावं लागतं का?

अवकहडा

ताई, 'ण'ची काळजी करू नका. अवकहडा चक्रात 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, अशी 108 अक्षरं बसवलेली आहेत. ती उच्चारांची मांडणी आहे, नावांची यादी नव्हे. म्हणून आर्द्रेत ङ येतो, उत्तराभाद्रपदेत ञ येतो आणि हस्तात ण येतो. या अक्षरांनी नाव सुरू होत नाही हे भटजींनाही ठाऊक असतं.

अशा वेळी चरण सोडून नक्षत्र धरायचं. हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. तिथंही जमलं नाही तर रास धरायची. हस्ताची रास कन्या, तिच्यात टो, पा, पी, पू, ष, ण, ठ, पे, पो एवढी अक्षरं येतात. दोन्हीकडून तुम्हाला 'प' मिळतोय. नावरसात, म्हणजे जन्माक्षरावरून नाव काढताना, ह्रस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत, त्यामुळं पुरुषोत्तम थेट हस्तातच बसतं. पृथ्वीराज 'प'खाली धरून चालतं.

आणि मुळात नक्षत्रनाम वेगळं, हाक मारायचं नाव वेगळं. संस्कारात चार नावं असतात. पहिलं देवतानाम, म्हणजे कुलदैवताचा भक्त (तुमचं कुलदैवत जोतिबा असेल तर 'ज्योतिबाभक्त'). दुसरं मासनाम. एका क्रमानं मार्गशीर्षाला केशव, पौषाला नारायण, माघाला माधव, असं करत कार्तिकाला दामोदर येतो. काही पंचांगांत दुसरा क्रम असतो, भटजी कुठला धरतात ते विचारून ठेवा. तिसरं नक्षत्रनाम आणि चौथं व्यवहारनाम. थाळीतल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं ही चारही लिहितात. हर्षवर्धन आवडलं असेल तर ते व्यवहारनाम ठेवा आणि जन्मपत्रिकेत 'प'चं नाव लिहा. त्यानं काहीही बिघडत नाही.

अक्षरसंख्येवरून कुणी अडवलं तर: पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, सुरुवात घोष वर्णानं (ग, ज, द, ब यांसारख्या) व्हावी असं आहे. पृथ्वीराज आणि धैर्यशील चार अक्षरी, हर्षवर्धन आणि पुरुषोत्तम पाच. पण केशव, माधव, गोविंद, वामन, श्रीधर ही मासनामंच तीन अक्षरी आहेत. तेव्हा हा नियम नाव बाद करायला वापरू नये. दोन नावांत मन अडकलं तर निवडायला वापरावा.

शब्दसंधी

नाव नक्की करण्याआधी त्याचा विग्रह करून बघा. ज्याचा विग्रहही होत नाही आणि धातूही सापडत नाही, त्याचा इंटरनेटवर दिलेला अर्थ बहुधा मागाहून चिकटवलेला असतो. तुमची चारही नावं या कसोटीला खणखणीत आहेत. हर्षवर्धन म्हणजे आनंद वाढवणारा, शिवाय सातव्या शतकातला कनौजचा सम्राट. धैर्यशील म्हणजे धैर्य हेच ज्याचं शील. पृथ्वीराज म्हणजे पृथ्वीचा राजा. पुरुषोत्तम हे विष्णूच्या चोवीस नावांतलं, आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायाचं नावच पुरुषोत्तमयोग.

आता लेखन, कारण लांब नावाचा खरा घात इथंच होतो. पुरुषोत्तममध्ये पु आणि रु दोन्ही ह्रस्व. दहांतली बरीच माणसं 'पुरू' टाइप करतात आणि 'त्त'चा एक त खातात. हर्षवर्धनमध्ये दोन रफार आहेत, एक ष वर, एक ध वर. घाईत टाइप केलं की एखादा शेजारच्या अक्षरावर पडतो. धैर्यशीलमधला शी दीर्घ. पुढं कुणी अनिरुद्ध सुचवलं तर 'द्ध' नीट बघा, दाखल्यांवर सर्रास 'ध्द' असतं. हृषीकेशचं तर 'ऋषिकेश' होऊन बसलंय. ते गावाचं नाव. देवाचं नाव हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश, असं आहे.

पृथ्वीराज घेणार असाल तर ऋकाराकडं लक्ष द्या. मराठीत आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो, म्हणून इकडं पी-आर-यू लिहितात. हिंदी वळणानं पी-आर-आय होतं. पुढं 'व'साठी व्ही की डब्ल्यू, 'वी'साठी एक आय की दोन ई. म्हणजे एकाच नावाची आठ स्पेलिंगं तयार. यातलं कुठलंच चूक नाही, पण घरातल्या प्रत्येकानं एकच लिहायला हवं. बारशाची पत्रिका छापायच्या आधी कागदावर दोन्ही लिप्यांत नाव लिहा, दोघातिघांकडून वाचून घ्या, आणि त्याचा फोटो आई, वडील, आजोबा, मामा सगळ्यांच्या फोनवर असू दे.

नागरी_खिडकी

फॉर्मबद्दल सांगतो. नाव आत्ता भरायची सक्ती नाही. जन्म 21 दिवसांत कळवावा लागतो आणि दवाखान्यातला जन्म दवाखानाच कळवतो. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 खाली नाव मागाहून घालता येतं, नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून डिस्चार्जच्या गडबडीत अर्धवट ठरलेलं नाव देऊ नका. रिकामा रकाना भरणं सोपं, भरलेलं नाव बदलणं अवघड. लेखनातली चूक कलम 15 खाली पुराव्यासह दुरुस्त होते, पण 'हर्षवर्धन काढा आणि पृथ्वीराज घाला' ही दुरुस्ती होत नाही.

नोंद जन्म झाला तिथं होते, घर असेल तिथं नाही. बाळ शहरातल्या दवाखान्यात जन्मलं असेल तर महापालिकेकडं जायचं, घर शिरोळला किंवा राधानगरीला असलं तरी. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालणारे बरेच असतात.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी शाळेच्या जनरल रजिस्टरला जे लागलं ते पुढं चालायचं, आता सुरुवात दाखल्यापासून. त्यामुळं दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर न अक्षर वाचा. आई-वडिलांची नावं त्यांच्या आधारवर आहेत तशीच हवीत. आधारवर 'विक्रम' आणि दाखल्यावर 'विक्रमसिंह' असं झालं तर ते मुलाला आयुष्यभर निस्तरावं लागतं. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं हेही ध्यानात ठेवा.

लांबीचं गणित. राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं शासकीय कागदावरचं नाव मूल, आई, वडील, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. उदाहरणाला आई विजयमाला, वडील विक्रमसिंह, आडनाव जाधव घ्या. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या पट्टीत पहिल्या ओळीला 44 जागा असतात. पाच जागा कागदाचा प्रकार आणि देश यांना जातात, नावाला उरतात 39. आडनावानंतर दोन खुणा आणि दोन नावांमध्ये एक खूण, त्याही यातच. हे पूर्ण नाव पासपोर्टला लावलं तर इंग्रजी अक्षरं मोजून जाधव 6, खुणा 2, पृथ्वीराज 10, खूण 1, विजयमाला 9, खूण 1, विक्रमसिंह 10, बरोबर 39. पुरुषोत्तम घेतलं तर 40, हर्षवर्धन घेतलं तर 41, म्हणजे शेवट कापला जाणार. कापलेल्या नावावरही पासपोर्ट चालतो, त्यासाठी आवडतं नाव सोडू नका. फक्त हिशेब माहीत असू दे, आणि स्पेलिंगमध्ये उगाच दुहेरी ए, दुहेरी ई घालून जागा खाऊ नका.

कळंबा_रोड

सिंहाबद्दल. लावायचं असेल तर जोडून लिहा. इंग्रजीत तोडून लिहिलं की अर्जातल्या चौकटींत ते दुसरं नाव होतं, कधी आडनावाच्या रकान्यात जातं. शेवट एन-एच की एन-जी-एच हेही वडिलांच्या कागदावर आहे तसंच ठेवा, बाप-लेकांचं वेगळं नको. पण माझं स्पष्ट मत, पृथ्वीराजला सिंह लावू नका. 'राज' असताना वर 'सिंह' म्हणजे दोन फेटे एकावर एक, आणि वरच्या हिशेबात आणखी चार जागा गेल्या. सिंह शोभतो तो रणजित, उदय, प्रताप, संग्राम अशा आखूड नावांना.

पणजोबांच्या नावाला मात्र मी एवढ्या लवकर बाजूला सारणार नाही. राजर्षी शाहू महाराजांचं जन्मनाव यशवंतराव होतं, 17 मार्च 1884 च्या दत्तकविधानानंतर ते शाहू झाले. या नावाला आपल्याकडं वजन आहे, आणि अक्षरं सहा, म्हणजे लांब नावाची हौसही फिटते. कागदावर घ्यायचं तर 'यशवंत' की 'यशवंतराव' हे एकदाच ठरवा. राव हा मान म्हणून जोडलाय की नावाचा भाग आहे, यावर पुढं सातबाऱ्याच्या वारसनोंदीत अडतं. एकाच घरात तेच नाव दोनदा आलं की मधलं नाव न गाळता लिहायची सवय सगळ्यांनाच लावावी लागेल.

हाकही मारून बघा. माडीवरून अंगणात हाक मारताना पाच अक्षरं कुणी म्हणत नाही. गल्लीत आणि तालमीत नावाचा 'या'कारान्त होणारच: हर्षवर्धनचा हर्ष्या, धैर्यशीलचा धैर्या. पुरुषोत्तमचा पुरू होतो, पृथ्वीराजचा पृथ्वी, आणि पृथ्वी हे मोडूनही पूर्ण शब्द राहतं. ज्या नावाचा तुकडा कानाला नको वाटेल ते आत्ताच गाळा, कारण तुकडा ठरवणं आई-बापाच्या हातात नसतं. त्यावर आपल्याकडं जुना उपाय आहे. घरातलं नाव आपणच पाळण्यात देऊन टाकायचं. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसे म्हणून नातवाला आबा, बाबा, आप्पा म्हणत, ते यातनंच आलं.

आत्या_शिवाजीपेठ

सगळ्यांचे आभार. घरात बोलणं झालं. व्यवहारनाम पृथ्वीराज, सिंह न लावता, आणि घरी हाक 'आबा', पणजोबांच्या मानाखातर. काकांनाही पटलं. फॉर्ममध्ये नावाचा रकाना रिकामा ठेवलाय, बारशानंतर भरू. एकच राहिलं: कानात कुर्रर्र करताना चारही नावं घ्यायची का?

अवकहडा

आधी देवतानाम, मग मासनाम, मग नक्षत्रनाम, शेवटी व्यवहारनाम, असं बाळाच्या उजव्या कानात सांगायचं. पाळणा म्हणताना फक्त पृथ्वीराज घ्या. आणि थाळीत 'पृ' लिहिताना तांदूळ जरा जाड पसरा, पातळ थरावर अंगठीनं ऋकाराचं वळण उमटत नाही.